डायरीत नाव नसलेली बाई

‘यॉर्क फॅक्टरी’ हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कारखानाच वाटला होता. पण ही फॅक्टरी म्हणजे वखार, सुरतेला इंग्रजांची होती तशी. ठिकाण: कॅनडा, हडसन उपसागराचा काठ. स्थानिक लोक इथे बीव्हरची कातडी आणायचे आणि हडसन्स बे कंपनीकडून बंदुका, भांडी न्यायचे.

वखारीचा प्रमुख जेम्स नाइट. त्याला उत्तरेकडच्या डेने लोकांशी व्यापार हवा होता, पण त्यांचं क्री लोकांशी वैर. म्हणून १७१५ मध्ये त्याने विल्यम स्टुअर्ट आणि सुमारे १५० क्रींबरोबर एका तरुण डेने बाईला पाठवलं. ती क्रींच्या कैदेतून पळून आलेली. वाटेत उपासमार झाली, बरेच जण मागे फिरले. शेवटी ती पुढे जाऊन आपल्या लोकांना तहासाठी घेऊन आली. १७१७ मध्ये ती वखारीतच वारली.

आता गंमत बघा. नाइटने डायरीत तिच्याबद्दल बरंच लिहिलंय, कौतुकही केलंय, पण उल्लेख ‘गुलाम बाई’ असाच. थानाडेल्थर हे नाव डेने लोकांच्या तोंडी कथांनी जपलं. कंपनीचं दप्तर आज विनिपेगच्या अभिलेखागारात आहे. तिथे नाइटच्या डायरीत नुसतं नाव शोधत बसलात, तर ही बाई तुम्हाला सापडणारच नाही.