कलमाच्या आधी खटला
(लेखांक ५)

मागील लेखात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची उत्सुकता पाहिली. दुसऱ्या वर्षात ती का ओसरते, हे आज पाहू.

आपल्या बहुतेक वर्गांत कायदा कलमापासून सुरू होतो. क्रमांक, व्याख्या, घटक, अपवाद आणि परीक्षेच्या तोंडावर गाइड. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा खुनाचे ३०२ आता १०३ झाले, असे जुने-नवे आकडे जुळवण्याचे पाठांतर त्यात वाढले. ते कलम मुळात कशासाठी आले, हे मात्र शिकवायचे राहून जाते.

साक्ष्य अधिनियमाचे कलम १२० घ्या, म्हणजे पुरावा कायद्यातले पूर्वीचे ११४-अ. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, या मुद्द्याला निकालात मोठे वजन मिळाले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे, हा नियम तेव्हा आला.

हे शिकवताना निकाल आधी सांगू नये. फक्त घटनाक्रम द्यावा, वर्गाचे दोन गट करावेत. एकाने सरकार पक्ष मांडावा, दुसऱ्याने बचाव. मग तिन्ही न्यायालयांचे निकाल वाचावेत, नंतर ते पत्र, आणि कलम सर्वांत शेवटी. स्वतः युक्तिवाद करून हरलेला विद्यार्थी ते कलम विसरत नाही.

दुसरी जागा म्हणजे न्यायालय. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहून त्यांची नोंद ठेवणे बार कौन्सिलच्या नियमांनी अभ्यासक्रमाचा भागच केले आहे. पण ही नोंद अनेकदा वरच्या वर्गातल्या कुणाच्या जर्नलवरून उतरवली जाते. शिक्षक सोबत गेले, उलटतपासात कोणता प्रश्न विचारायला नको होता आणि पुढची तारीख का पडली यावर दुसऱ्या दिवशी वर्गात बोलणे झाले, तर उतरवण्याची गरजच उरत नाही.

त्या चार अध्यापकांनी एक निकाल बारकाईने वाचला आणि त्याविरुद्ध ठामपणे लिहिले. कायद्याच्या शिक्षकांना विनंती एवढीच: या सत्रातले किमान एक कलम त्यामागच्या खटल्यापासून शिकवा. पुढील लेखात विधी साहाय्य केंद्रातल्या विद्यार्थ्यांच्या कामाविषयी.