लेण्यातले कोळी मोजायचे कसे?

गुहेतल्या कोळ्यांवर काम करायचंय म्हटलं की रायगडात पहिला प्रश्न पडतो: गुहा कुठे आहेत? चुनखडीचा खडक पाण्यात विरघळून लांबलचक गुहा तयार होतात. आपला खडक बेसॉल्ट, तिथे तसं होत नाही. पेण-रोह्याकडच्या विद्यार्थ्याच्या हाताशी असतात ती माणसाने कोरलेली लेणी. रोह्याहून तळ्याकडे, मांदाडजवळ कुडा लेणी आहेत, एकूण २६. दाराशी उजेड, आत अंधार, पाण्याच्या टाक्यांमुळे ओलावा. कोळ्यांना एवढं पुरतं.

पण इथला कोळी खरंच ‘गुहेतला’ का? लांब पायांचे फोल्सिडी कुळातले कोळी घ्या. धक्का लागला की जाळ्यासकट गरागरा हलतात. मादी अंडी जबड्यात धरून फिरते. हेच कुळ आपल्या घराच्या छताखालीही असतं. म्हणजे हे गुहेत राहू शकणारे, गुहेवाचून न जगणारे नव्हेत. आंधळे, रंगहीन, फक्त गुहेतच सापडणारे कोळी वेगळे.

हा फरक फक्त नावापुरता नाही, सगळी मोजणी त्यावर उभी आहे. नेहमीची पद्धत अशी: कोळी पकडा, पाठीवर रंगाचा ठिपका द्या, सोडा, काही दिवसांनी पुन्हा पकडा. समजा पहिल्यांदा ४० खुणावले. दुसऱ्यांदा ५० मिळाले, त्यात २० खुणेचे. मग ४० × ५० ÷ २० = १००. सोपं वाटतं ना?

आता गृहीतकं तपासा. एक, खूण टिकली पाहिजे. पिल्लं वाढताना कात टाकतात आणि ठिपका कातीबरोबर जातो. त्या २० पैकी १० ठिपके गेले, तर उत्तर १०० ऐवजी २०० येईल! म्हणून फक्त प्रौढ खुणवा. दोन, मधल्या काळात बाहेरून कोळी यायला नकोत; आले तरी आकडा फुगतो. तीन, प्रत्येक कोळी सापडण्याची शक्यता सारखी हवी. जाळ्यात बसणारा सहज दिसतो. जाळं न विणता भिंतीवर धावून शिकार करणारा हेटेरोपोडा फटीत शिरतो. दोघांची बेरीज एकत्र करू नका.

दुसरं गृहीतक सगळ्यात नाजूक. युरोपातल्या मेटा मेनार्डी या कोळ्याचे प्रौढ अंधारात राहतात, पण पिल्लं उजेडाकडे जातात आणि तिथून पसरतात. २०१२ साली ‘युरोपचा वर्षाचा कोळी’ म्हणून निवडलेला हाच. इतका गुहेला चिकटलेला जीवही दार बंद ठेवत नाही, तर उघड्या लेण्याचं काय? दोन मोजण्यांत अंतर थोडं ठेवा आणि शेजारच्या लेण्यांतही खुणा शोधा. शेजारी खुणेचा कोळी सापडला, तर तुमची ‘समष्टी’ एका लेण्यापुरती नाही.

आणि हो, कुडा हे संरक्षित स्मारक आहे. आधी परवानगी, मग ब्रश. रंग कोळ्याच्या पाठीवरच लावायचा, भिंतीवर एक थेंबही नाही. जाळ्याची जागा नकाशावर लिहायची. झाडलोटीत जाळी गेली असतील तर तेही वहीत टिपा. नाहीतर केरसुणीचा परिणाम तुम्ही ऋतूच्या नावावर खपवाल.