प्रौढांचे धर्मशिक्षण आणि कोर्लईची बोली

धर्मशिक्षण म्हटले की लहान मुलांचे रविवारचे वर्ग डोळ्यांपुढे येतात. प्रौढांचे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः ख्रिस्ती परंपरेत शिक्षणाचा आरंभ प्रौढांपासूनच झाला. बाप्तिस्मा मागणाऱ्याची दीर्घ तयारी करून घेण्याची ही प्रथा पुढे लोपली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली तिच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला आणि १९७२ साली रोमने प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधी प्रसृत केला. विवाहापूर्वीची व मुलाच्या बाप्तिस्म्यापूर्वीची आईबापांची तयारी ही त्याचीच भावंडे.

रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरूड तालुक्यातील कोर्लईस गेले, की या प्रश्नाला निराळेच वळण लागते. कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या या गावात कॅथलिक शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे. चौल आणि कोर्लई १७४० साली मराठ्यांच्या हाती आले, पोर्तुगीज गेले. त्यांची भाषा मात्र येथील घरांत टिकली. मराठीच्या सहवासात ती पुरती बदलली, क्रियापदही मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येऊन बसले. बोलणारे तिला 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. त्यांची संख्या हजाराच्या आसपास असावी. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९९६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. तिच्या स्वतःच्या नावे मात्र छापील वाङ्मय जवळजवळ नाही.

व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे पडून उपासना मराठीत आली. हे योग्यच झाले. शाळा, बाजार, कचेरी मराठीची, चर्चही तिचेच. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे एक हिशेब दिसतो. ज्या भाषेला नोकरी नाही, परीक्षा नाही, ग्राहक नाही, तिचे मोल केवळ वापरात असते. वापराचे एकेक स्थान गेले की ते घटते. प्रौढांच्या वर्गाला ना गुण ना प्रमाणपत्र. तेव्हा पाठ मराठीत वाचावा आणि चर्चा नौ लिंगमध्ये व्हावी, यास कोणती अडचण आहे? छपाईचा खर्च नाही, शिक्षकही गावातलाच. शिवाय पन्नाशीच्या बाईला शंका विचारावयाची असते ती स्वयंपाकघरातल्या भाषेत. परक्या भाषेत ती मान डोलावून गप्प बसते. ही मान डोलावणे म्हणजे शिक्षण नव्हे.

फादर स्टीफन्स यांनी हे चार शतकांपूर्वी ओळखले होते. जन्माने इंग्रज असलेल्या या जेझुइटाने १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले ते मराठी ओवीत, कारण गोव्यातील नवख्रिस्ती प्रौढ श्रोत्यांचे कान पुराणाला सरावलेले होते.

वेळेचा प्रश्न त्याहून सोपा. आषाढात लावणी, कार्तिकाच्या सुमारास कापणी. या दिवसांत वर्ग भरविणे म्हणजे रिकाम्या बाकांपुढे बोलणे. वालाचे पीक निघून गेल्यावर हाताला थोडी उसंत मिळते, आणि योगायोग असा की ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, जो दीक्षेच्या तयारीचा परंपरागत काळ, तोही फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच येतो. मुंबईत नोकरीस गेलेली तरुण मंडळी तेव्हाही गावात नसतात. पण ईस्टरच्या सुट्टीत येतात. त्यांच्यासाठी त्या दोन-चार दिवसांत, म्हाताऱ्यांच्या शेजारी बसवून, त्याच बोलीत एखादा वर्ग घ्यावयास काय हरकत आहे?