दुरुस्तीनंतरही गाडी बंद का पडते?

पालघर, प्रतिनिधी : हेड उघडून गास्केट बदलले, क्लचचे काम केले किंवा नुसती सर्व्हिसिंग करून आणली आणि दुसऱ्याच दिवशी चिल्हार फाट्याजवळ वेग कमी करताच इंजिन बंद पडले, असा अनुभव बोईसर-तारापूर परिसरातील अनेक मोटारमालकांना येतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर कंटेनरच्या रांगेत असे घडले, तर प्रश्न केवळ मनस्तापाचा राहत नाही. इंजिन थांबताच स्टीअरिंग जड होऊ शकते आणि ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत एक-दोनदा पेडल दाबल्यावर संपते.

धावताना ठीक असलेली गाडी उभी राहिल्यावरच का थरथरते, याचे उत्तर हवेच्या हिशेबात आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आयडलिंगला, म्हणजे साधारण ७०० ते ९०० फेऱ्यांवर, इंजिन फारच थोडी हवा ओढते. अशा वेळी एखाद्या सैल पाइपमधून आत शिरणारी हवाही मोठा फरक पाडते. वेग वाढला की तीच गळती नगण्य ठरते. त्यामुळे ‘हायवेला गाडी मस्त पळते, सिग्नलला मरते’ हे मालकाचे वाक्य तज्ज्ञ मेकॅनिकला अर्धे निदान देऊन जाते.

शोधाची सुरुवात मागच्या दुरुस्तीपासूनच व्हायला हवी. कामासाठी काय काय सोडवले होते? इनटेकचे गास्केट नीट बसले का, निर्वाताचा एखादा पाइप जोडायचा राहिला का, सेन्सरचा कपलर पूर्ण आत गेला का, हे आधी पाहावे. टायमिंग बेल्ट बदलला असेल, तर तो एका दात्याने चुकल्याची शक्यता तपासावी लागते. प्रत्यक्षात मात्र प्लग, कॉइल, पंप असे एकामागून एक सुटे भाग बदलले जातात. मालकाचा खिसा रिकामा होतो आणि दोष तसाच राहतो.

थ्रॉटल बॉडीची सफाई हे दुसरे नेहमीचे कारण. काजळी साचत गेली की संगणक झडप किंचित अधिक उघडून आयडल सांभाळतो. काजळी निघाली, पण जुनी नोंद कायम राहिली, तर फेऱ्या वरखाली होतात. उलट बॅटरी काढल्याने ही शिकलेली नोंद पुसली गेली, तर काजळीने भरलेले इंजिन चालू राहीनासे होते. यावर उपाय म्हणजे कंपनीने दिलेल्या पद्धतीने आयडल पुन्हा ‘शिकवणे’. कार्बोरेटरच्या काळातील सवयीने स्क्रू फिरवून स्लो वाढवला, तर मूळ दोष झाकला जातो आणि नवा निर्माण होतो.

किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगच्या तारेकडेही लक्ष हवे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी ही पट्टी क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामात सोडतात. गंजलेल्या जागेवर ती तशीच आवळली, तर सेन्सरचे आकडे भरकटतात. दिवे आणि एसी लावताच आयडल कोसळत असेल, तर हा संशय बळावतो.

बीएस-४ निकष १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. त्या व त्यानंतरच्या गाड्यांना डॅशबोर्डखाली स्कॅनर जोडता येतो. मात्र स्कॅनरने सेन्सरचे नाव दाखवले म्हणून सेन्सरच खराब असतो, असे नाही. त्याची तार तुटलेली असू शकते किंवा हवेची गळती त्याला चुकीचे वाचायला लावत असते.

सीएनजीच्या गाडीत तर फुकटची चाचणी उपलब्ध असते. इंजिन गरम झाल्यावर आधी गॅसवर आणि मग पेट्रोलवर आयडलिंग पाहावे. दोन्हींवर गाडी मिसिंग मारत असेल, तर हवा, प्लग व कॉइल तपासावे. फक्त गॅसवर मारत असेल, तर किटचे रिड्यूसर, फिल्टर आणि ट्यूनिंग. फक्त पेट्रोलवर बिघडत असेल, तर बराच काळ न वापरलेले इंजेक्टर आणि टाकीत पडून राहिलेले जुने पेट्रोल.