रुई आणि सरकी : सजीव कशाला म्हणावे?

परभणी, सेलू, मानवत या आपल्या भागात कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या आवारात पांढरे डोंगर उभे राहतात. रेचा फिरू लागतो. एका बाजूला रुई पडते, दुसऱ्या बाजूला सरकी. रुईच्या गासड्या बांधल्या जाऊन गिरण्यांकडे जातात आणि सरकी तेलाच्या गिरणीची वाट धरते. हे दृश्य आपणांपैकी बहुतेकांच्या पाहण्यातले आहे. परंतु हा रेचा एका अर्थाने मृताला जिवंतापासून वेगळे करीत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. रुई मेलेली असते. सरकी जिवंत असते.

यावर कोणी म्हणेल की, दोन्ही ढीग सारखेच निश्चल पडलेले आहेत, मग एक जिवंत आणि दुसरा मृत हे कशावरून? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता सजीवांची सारी लक्षणे आपल्या हाती येतात.

प्रथम नेहमीची उत्तरे तपासू. जे हलते ते सजीव म्हणावे, तर रेचाही हलतो आणि झाड जागचे हलत नाही. जे खाते आणि वाढते ते सजीव म्हणावे, तर गंजीला लागलेली आग कडबा खाते, वाढते, आणि ठिणगी उडून दुसरीकडे नवी आगही पेटवते. पण आगीला कोणी सजीव म्हणत नाही. जे प्रजा निर्माण करते तेच सजीव म्हणावे, तर खेचराला सहसा संतती होत नाही. म्हणून ते निर्जीव ठरत नाही. तात्पर्य, एकच लक्षण हाती धरून हा निवाडा होत नाही. सर्व लक्षणे एकत्र आणि एकमेकांच्या मदतीने काम करीत असली पाहिजेत.

यांतील पहिले लक्षण पेशी. 1665 साली रॉबर्ट हुक या इंग्रज संशोधकाने बुचाच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या व त्यांतील कप्प्यांना पेशी हे नाव दिले. पुढे 1838-39 मध्ये श्लायडेन व श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले आहेत असे प्रतिपादन केले. 1855 मध्ये फिर्शो याने त्यात भर घातली, की प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते. पेशी पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो हे खरे. पण तिचे एक अजब उदाहरण आपल्या अंगावरच आहे. कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी. फूल उमलते त्या सुमारास ती लांबू लागते आणि पुष्कळदा अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत जाते. बोंड पिकून उकलले की ती पेशी मरते, वाळते, आणि मागे उरते ती तिची भिंत. धोतर, लुगडे, सदरा ही सारी या मृत पेशींच्या भिंतींचीच वस्त्रे होत. सरकीच्या आतला अंकुर मात्र जिवंत राहतो.

तो जिवंत आहे याची साक्ष सरकीचा ढीगच देतो. थोडी ओलसर सरकी उंच रचून ठेवली आणि काही दिवसांनी आत हात घातला, तर ढीग गरम लागतो. ही उष्णता येते कोठून? सरकी श्वास घेत असते. आतील साठ्याचे हळूहळू ज्वलन करून ती शक्ती मिळवते, आणि ओल वाढली की हे श्वसनही वाढते. त्या ओलीवर बुरशी वाढते, तीही श्वास घेते, आणि दोहोंची उष्णता ढिगात कोंडते. हे दुसरे लक्षण : बाहेरून अन्न व शक्ती घेणे, ती वापरणे आणि निरुपयोगी ते बाहेर टाकणे. यालाच चयापचय म्हणतात. कापसाचे पान सूर्यप्रकाश, हवा व पाणी घेऊन आपले अन्न स्वतः तयार करते. आपण भाकरी खातो. मार्ग वेगळे, व्यवहार एक.

मग इंजिनही डिझेल घेते, शक्ती देते, धूर टाकते. त्यात आणि आपल्यात फरक कोणता? फरक असा की, रेच्याचा रूळ झिजला तर मिस्त्री येईपर्यंत तो झिजलेलाच राहतो. सजीव आपली झीज आपणच भरून काढतो. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते. तिची जागा घ्यायला नवी पेशी तयार असते. खाल्लेल्या भाकरीतून शक्ती तर मिळतेच, शिवाय तिचेच हाडमांस बनते. दुसरे असे की, रेचा बंद करून पुढच्या हंगामात सुरू करता येतो. सजीवाला असे पूर्णपणे बंद ठेवण्याची सोय सहसा नाही. बी निजते, पण त्या निजेतही ते मंदपणे श्वास घेत असते. गुलाबी बोंडअळीही दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत महिनोन् महिने निपचित पडून राहते. त्यामुळे जिनिंगच्या आवारातील एकाच ढिगात निजलेले बी, निजलेली अळी आणि जागी बुरशी अशी तीन प्रकारची जीवसृष्टी नांदत असते.

तिसरे लक्षण म्हणजे परिस्थितीची दखल घेणे व आपला तोल राखणे. लाजाळूचे पान स्पर्शाने मिटते हे मुलांनाही ठाऊक असते. मे महिन्यात परभणीचा पारा 44-45 अंशांवर जातो, तरी माणसाचे शरीर आतून सुमारे 37 अंशांवरच राहते. हे आपोआप घडत नाही, त्यासाठी घाम गाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि उन्हात जड काम करणाऱ्याचा तासाभरात लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. ते पाणी भरून निघाले नाही तर तोल ढळतो. शरीराची उष्णता 40 अंशांच्या वर गेली, माणूस बरळू लागला, की उष्माघाताने जिवावर बेतते.

चौथे लक्षण वाढ, प्रजोत्पादन आणि अनुवंश यांचे. सरकीतून कपाशीच उगवते, ज्वारी उगवत नाही. कारण पेशीत पुढच्या पिढीसाठी सूचना लिहिलेल्या असतात. त्या ज्या द्रव्यात असतात त्या डीएनएची रचना 1953 साली उलगडली. त्या सूचना पेशी कशा वाचते हे उकलल्याबद्दल अविभाजित पंजाबात जन्मलेले डॉ. हरगोविंद खुराना यांना 1968 साली दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. ही लिपी थोड्याफार अपवादाने साऱ्या सजीवांत एकच आहे. याचा पुरावा आपल्या शेतात आहे. भारतात 2002 साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत मातीतील एका जिवाणूचा जनुक घातलेला आहे. जिवाणूची सूचना कपाशीने वाचली आणि अळीला मारणारे प्रथिन तयार केले. लिपी निराळी असती तर हे शक्य झाले नसते.

पाचवे लक्षण पिढ्यान् पिढ्या बदलण्याचे. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचीही बोंडे पोखरली. अळीने विष पचवायला शिकून घेतले, असे आपण बोलतो. पण एखादी अळी असे काही शिकत नाही. असंख्य अळ्यांत काही थोड्या जन्मतःच निराळ्या होत्या. बाकीच्या मेल्या, या वाचल्या; त्यांची प्रजा वाढली. फरदडीचे पीक उभे राहिले तेव्हा त्यांना आणखी पिढ्या काढायला अन्नही मिळाले. एक सजीव जुळवून घेत मरतो, जात मात्र बदलत टिकते. यालाच उत्क्रांती म्हणतात, आणि ती शेताच्या बांधावर, आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे.

आता सीमेवरचा एक रहिवासी. भेंडीची पाने व शिरा पिवळ्या पाडणारा रोग विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो पसरवते. त्याला दाद न देणारे वाण म्हणून आपल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने भेंडीच्या रानटी नातलगाशी संकर करून ‘परभणी क्रांती’ ही जात काढली. हा विषाणू खात नाही, श्वास घेत नाही, त्याला पेशी नाही. 1935 साली स्टॅन्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने तंबाखूवरील अशाच एका विषाणूचे मिठासारखे स्फटिक बनवून दाखवले. मात्र जिवंत पेशीत शिरताच तो तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढून घेतो. त्याला सजीव म्हणावे की नाही यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. निसर्गाने कुंपण घातलेले नाही; ते आपण आपल्या सोयीसाठी घालतो.

हे सारे ज्ञान कशासाठी, असे विचारणारे श्रोते असतात, आणि त्यांनी ते विचारावेही. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही अशा हजारो तक्रारी आल्या. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पावसात भिजलेले बी पोत्यात दिसायला धडधाकट होते, पण त्यातले पुष्कळसे आतून मेलेले होते. सोयाबीनची साल पातळ असते. पोते उंचावरून आपटले, थप्पी फार उंच लावली, तरी आतला अंकुर दुखावतो. म्हणून शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि काही दिवसांनी कोंब मोजावेत. सत्तर तरी निघाले तर ते बियाणे ठरलेल्या निकषास उतरते. बी ही वस्तू समजून हाताळली तर दुबार पेरणी येते.

हाच न्याय पोते वाहणाऱ्यालाही लागू आहे. मी जिनिंग-प्रेसिंगच्या व मोंढ्यातील कामगारांत आयुष्य काढले. तेथे हिशेब मांडताना माणूस आणि यंत्र एकाच ओळीत लिहिण्याची सवय फार जुनी आहे. यंत्राला तेल दिले की भागते. माणसाचे शरीर झीज भरून काढते, पण त्याला अन्न, पाणी आणि वेळ लागतो. ते तोल राखते, पण एका मर्यादेपर्यंतच. उन्हाच्या कामात पाण्याचा माठ, सावली आणि दुपारचा विसावा यांना आपण सवलती म्हणतो. वस्तुतः त्या सजीवपणाच्या अटी आहेत. पेशीने त्या घातल्या आहेत, आणि मालक असो वा मजूर, त्या कोणालाही मोडता येत नाहीत.