मैलापाण्याचे निर्जंतुकीकरण आणि विजेचा हिशेब

गटारवाहिनी पोहोचलेली नाही अशा वस्तीत मैलापाणी जागच्या जागी निर्जंतुक करायचे, तर त्यासाठी लागणारे रसायन त्या पाण्यातच सापडते. जेवणातून पोटात गेलेल्या मिठातले क्लोराइड मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. अशा पाण्यात दोन पट्ट्या बुडवून एकदिश विद्युतप्रवाह सोडला की धनाग्रावर क्लोरीन तयार होतो. तो पाण्यात मिसळून हायपोक्लोरस आम्ल बनते आणि ते जिवाणूंना मारते. ऋणाग्रावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे उठतात. गावातल्या विहिरीत टाकली जाणारी टीसीएल पावडर हेच काम करते, पण ती सतत विकत आणावी लागते आणि दमट, उष्ण हवेत तिचा जोर ओसरतो. विजेने क्लोरीन हवा तेव्हा, हवा तेवढाच तयार करता येतो.

पट्ट्या साध्या लोखंडाच्या चालत नाहीत, क्लोरीन त्यांना खाऊन टाकतो. टायटॅनियमवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा मुलामा दिलेला धनाग्र टिकतो. हेन्री बीअर यांनी १९६०च्या दशकात शोधलेले हे तंत्र कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतून आले आहे. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा पातळ थर असलेले धनाग्र याहून प्रखर असतात, मात्र महागही. गेट्स फाउंडेशनने २०११ मध्ये संडासाची नव्याने रचना करण्याचे आव्हान दिले. २०१२ मध्ये त्याचे पहिले पारितोषिक कॅलटेकच्या मायकेल हॉफमन यांच्या गटाच्या, सौरऊर्जेवर चालणाऱ्या अशाच विद्युतरासायनिक यंत्रणेला मिळाले.

खरी अडचण विजेची आहे. एक ग्रॅम क्लोरीनसाठी सुमारे २,७०० कूलोम विद्युतभार लागतो, म्हणजे ४ व्होल्टला ३ वॅट-तास. हे फार नाही. पण लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि क्लोरीन आधी त्या अमोनियावर खर्च होतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पूर्ण घालवायला ७.६ ग्रॅम क्लोरीन लागतो. माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण १०-१२ ग्रॅम नायट्रोजन जातो. म्हणजे प्रत्येक माणसामागे रोज ८० ग्रॅमच्या आसपास क्लोरीन आणि, थेंबभरही वाया गेला नाही असे धरले तरी, २४० वॅट-तास वीज. एवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा दिवसरात्र जळून वर उरेल. प्रत्यक्षात खर्च आणखी वाढतो, कारण पाण्यातले सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खातात आणि काही वीज नुसता ऑक्सिजन तयार करण्यात जाते.

म्हणून बचतीचा मार्ग धनाग्र अधिक ताकदवान करण्यातून जात नाही. विजेसमोर कमीत कमी घाण आणण्यातून जातो. गाळ आधी खाली बसू द्यायचा, पाणी पटलातून गाळायचे, मग दाणेदार सक्रिय कोळशातून सोडायचे. ड्यूक विद्यापीठाच्या गटाने अशीच घरगुती आकाराची यंत्रणा कोइम्बतूरमध्ये प्रत्यक्ष वापरात तपासली. दुसरी बचत उद्दिष्टात आहे. सगळा अमोनिया संपवण्याचा हट्ट सोडला, तर क्लोरीन आणि अमोनियापासून होणारी क्लोरामाइन्स उरतात. ती हायपोक्लोरस आम्लापेक्षा मवाळ असली तरी पुरेसा वेळ दिल्यास जिवाणू मारतात. पट्ट्यांमधले अंतर काही मिलिमीटरच ठेवले की पाण्याचा विरोध घटतो. शुद्ध झालेले पाणी पुन्हा फ्लशला वापरले, तर क्षार साठत जाऊन प्रवाह आणखी सहज वाहतो.

काही गोष्टींकडे मात्र डोळेझाक करता येत नाही. जंताची अंडी क्लोरीनला सहसा दाद देत नाहीत. ती गाळात बसवावी किंवा गाळून काढावी लागतात, त्यामुळे पाणी नितळ दिसले म्हणून निर्धोक मानणे धोक्याचे. ऋणाग्रावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा पांढरा थर चढतो. विद्युतध्रुव ठरावीक वेळाने उलटवले की तो सुटतो, पण धनाग्राचा मुलामा झिजतो. वीज गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहिली तर क्लोरेट, आणि हिऱ्याच्या धनाग्रावर परक्लोरेटही तयार होते. असे पाणी फ्लशसाठी असते, पिण्यासाठी नाही. गटारवाहिनीशी न जोडलेल्या संडासांसाठी २०१८ मध्ये आलेल्या आयएसओ ३०५०० या मानकानुसार बाहेर पडणाऱ्या पाण्यात ई. कोलाय जिवाणू लिटरमागे १०० पेक्षा जास्त नसावेत. जंताच्या अंड्यांसाठी आणि विषाणूंसाठी त्यात वेगळ्या मर्यादा आहेत.