साडेछत्तीस तासांचा दिवस

लेक नाहीतर मुलगा बिऱ्हाड करायला अमेरिकेला निघाला की घरची माणसे मुंबईच्या विमानतळापर्यंत पोचवायला जातात. पुढचा प्रवास कसा असतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

कॅलिफोर्नियाचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे असते. म्हणून प्रवासाची ती एक तारीख साडेछत्तीस तासांची होते! विमानातली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तशी विरळ. आपले कळसूबाई शिखरही साडेपाच हजारांच्या आतच आहे. शिवाय ती कोरडी. तेव्हा पाणी पीत राहावे. फार वेळ बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. अधूनमधून उठून चालावे.

आणखी एक. आईला वाटते, लेकराबरोबर घरचा तांदूळ द्यावा. देऊ नका. खपरा भुंगेऱ्याच्या भीतीने अमेरिका आपल्याकडचा तांदूळ प्रवाशाच्या सामानातून येऊ देत नाही. बियाणे, रोपेही परवान्याशिवाय चालत नाहीत. लपवले तर दंड होतो. आपल्या कणगीतला किडा दुसऱ्याच्या शेतात जाऊ नये, हे शेतकऱ्याला वेगळे काय सांगायचे? त्यापेक्षा आजीच्या हातची गोधडी द्या. थंडीत तीच उपयोगी पडेल.